पूर, नकाशा आणि निरोप

हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यांत पूर्णा नदीच्या काठीं सिद्धेश्वर हें एक लहानसें गांव आहे. तेथील धरणामुळें त्याचें नांव सरकारी कागदांत वारंवार येतें. एरवीं तें दूरच्या माणसाच्या कानांवर पडण्याचें कांहीं कारण नव्हतें. परंतु श्रावण-भाद्रपदांत पावसानें जोर धरला म्हणजे या धरणाचे किती दरवाजे उघडले, हा प्रश्न तेथून कितीतरी खालीं असलेल्या नांदेड शहराच्या झोपेशीं निगडित होऊन बसतो. एका गांवीं घडलेली गोष्ट दुसऱ्या गांवीं संकटरूपानें पोहोंचते. ती पोहोंचण्यापूर्वीं तिची वार्ता पोहोंचावी, एवढ्यासाठीं मनुष्यानें आजवर कोणत्या व्यवस्था केल्या, त्यांपैकीं कोणत्या टिकल्या आणि कोणत्या ऐन वेळीं फसल्या, याचा थोडासा इतिहास येथें पाहावयाचा आहे.

भूकंप न सांगतां येतो. पूर मात्र वाटेनें येतो. त्याची वाट ठरलेली असते, त्याचा वेग मोजतां येतो, आणि तो निघाला ही गोष्ट कोणाला ना कोणाला आधींच ठाऊक असते. यास्तव पुरानें झालेल्या मोठ्या प्राणहानीच्या मुळाशीं बहुधा एक न पोहोंचलेला निरोप असतो, असें म्हटल्यास तें विधान धाडसाचें वाटेल. पण इतिहास तपासून पाहतां तें फारसें चुकीचें ठरत नाहीं. निरोप न पोहोंचण्याचे प्रकार दोन. एक, ज्याला कळलें आहे त्याला तें कोणास सांगावें हें माहीत नसतें. दुसरा, ज्याला सांगितलें त्याला त्या सांगण्याचा आपल्या उंबरठ्याशीं काय संबंध आहे हें उमजत नाहीं. पहिली उणीव व्यवस्थेनें भरून निघते, दुसरी नकाशानें. या दोहोंची सांगड घालणें हेंच नागरी आपत्तींच्या निवारणाचें मर्म होय.

प्रथम नांदेडची जागा पाहूं. पूर्णा अजिंठ्याच्या डोंगरांत उगम पावते. बुलढाणा जिल्ह्यांत तिच्यावर खडकपूर्णा प्रकल्प आहे. परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यांत येलदरी. आणि त्याच्या खालच्या अंगाला सिद्धेश्वर. हीं शेवटचीं दोन धरणें १९६८ सालच्या सुमारास पुरीं झालीं. येलदरीचा उपयुक्त साठा सुमारें ८१० दशलक्ष घनमीटर, तर सिद्धेश्वरचा अवघा ८१ च्या आसपास. म्हणजे येलदरी हें कोठार मानलें, तर सिद्धेश्वर हा त्याच्या दारापुढील ओटा होय. कोठार भरून वाहूं लागलें म्हणजे ओट्यानें तें पाणी अडवून धरावें ही अपेक्षाच व्यर्थ. येलदरीच्या दहा दरवाजांतून जें येईल तें सिद्धेश्वरच्या चौदा दरवाजांतून बहुतांशीं पुढें जाणारच. पुढें पूर्णा गोदावरीस मिळते. गोदावरींत तोंवर पैठणच्या जायकवाडीचें आणि सिंदफणेच्या वाटेनें माजलगांवचें पाणी आलेलें असतें. नांदेडच्या किंचित् वर विष्णुपुरीचा बंधारा, शहराच्या उत्तरेस आसना नदी, आणि खालीं तेलंगणांत पोचमपाडच्या श्रीरामसागराचा फुगवटा. पैठणचें पाणी नांदेडला यावयास दिवस लागतात, सिद्धेश्वरचें त्याहून लवकर येतें, आणि आसनेचें तर कांहीं तासांतच. एका रात्रींच्या पुराचे असे पांच-सहा कर्ते असतात. त्यांपैकीं प्रत्येकाची वही निराळ्या कचेरींत आणि कित्येकदां निराळ्या जिल्ह्यांत असते. एकाची तर निराळ्या राज्यांत आहे. पाण्याला जिल्ह्याची हद्द ठाऊक नसते. माहितीला मात्र ती फार चांगली ठाऊक असते.

या मुलुखाचा नकाशा पूर्वीं झाला नव्हता असें नाहीं. उलट, हिंदुस्थानच्या शास्त्रीय मोजणीची मोठी रेषा वऱ्हाड-मराठवाड्याच्या टापूंतूनच गेली. कर्नल लँब्टन हा त्या त्रिकोणमितीय मोजणीचा प्रवर्तक. काम चालू असतांनाच १८२३ सालीं हिंगणघाट येथें तो वारला, आणि पुढील काम एव्हरेस्टनें हातीं घेतलें. हिंगोलीस त्या काळीं हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी होती. फौजेला वाटा हव्या होत्या, महसुलाला शेताच्या बांधांचे कोपरे हवे होते. त्यांच्या गरजेपुरते नकाशे निघाले. नकाशा हें राज्यकर्त्याचें हत्यार, आणि हत्यार रयतेच्या हातीं द्यावयाचें नसतें, ही कल्पना तेव्हांपासून रुजली. ती इंग्रजांबरोबर गेली असेंहि नव्हे. तपशीलवार नकाशांवरील निर्बंध स्वराज्यांतहि पुष्कळ काळ राहिले. २००५ सालच्या राष्ट्रीय नकाशा-धोरणानें संरक्षणाचे नकाशे निराळे आणि लोकांना खुले असलेले निराळे अशी विभागणी केली. आणि २०२१ च्या फेब्रुवारींत काढलेल्या नव्या नियमांनीं भारतीयांना आपल्याच भूमीचे बारीक नकाशे करण्यास पूर्वपरवानगीची गरज उरली नाहीं. मध्यें केवढा काळ गेला! त्या अवधींत किती पूर आले त्याची गणती कोणी केली आहे?

तरीहि निरोप आणि नकाशा यांची सांगड शास्त्राला अपरिचित होती असें म्हणतां येत नाहीं. १८९३ च्या सप्टेंबरांत गढवालमध्यें बिरही नदीच्या खोऱ्यांत गोहना येथें अख्खा डोंगर कोसळून नदी अडली, आणि मागें एक प्रचंड सरोवर तुंबूं लागलें. तें फुटणार हें निश्चित होतें; प्रश्न एवढाच होता कीं, केव्हां. पुलफोर्ड नांवाच्या इंजिनियरानें पाण्याच्या चढण्याचा हिशेब करून तें पुढील वर्षाच्या ऑगस्टांत ओसंडेल असें भाकीत केलें. मग सरोवरापासून खालपर्यंत तारायंत्राची ओळ टाकण्यांत आली. दरींत ठिकठिकाणीं खांब उभारून, पाणी कोठवर चढेल व माणसानें कोणत्या उंचीवर जावें, हें दाखविण्यांत आलें. १८९४ च्या २५ ऑगस्टच्या मध्यरात्रीं सरोवर फुटलें. खालचें श्रीनगर हें गांव धुऊन निघालें. बाजार, वाडे, पूल, कांहीं उरलें नाहीं. पण माणसें गेलीं तीं अवघीं पांच. बाहेर काढल्यानंतर पुन्हां परत येऊन राहिलेला एक फकीर आणि त्याचें कुटुंब. तारेनें निरोप दिला, आणि खांबांनीं त्या निरोपाचा अर्थ सांगितला. ते खांब म्हणजे जमिनीवरच काढलेला नकाशा होता. तो वाचण्यास अक्षरओळखहि लागत नव्हती.

त्यानंतर चौदाच वर्षांनीं, १९०८ च्या २८ सप्टेंबरला, हैदराबादेंत मुसा नदीचा पूर आला. मराठवाडा त्या वेळीं निजामाच्या राज्यांत असल्यामुळें ही आपल्या राजधानीचीच आपत्ति म्हणावयाची. अफझल पूल, मुसल्लमजंग पूल आणि चादरघाटचा पूल वाहून गेले. जुना पूल तेवढा तग धरून राहिला. मृतांचा आंकडा पंधरा हजारांच्या घरांत सांगितला जातो. अफझलगंजच्या इस्पितळाच्या आवारांतील एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारें दीडशें माणसांनीं जीव वांचविला. राजधानीच्या शहरांत त्या दिवशीं चिंचेच्या झाडाहून भरंवशाची दुसरी व्यवस्था त्यांना लाभली नाहीं. पुढें निजाम सरकारनें सर विश्वेश्वरय्यांना पाचारण केलें. त्यांनीं शहराकडे पाहण्यापूर्वीं शहराच्या वरच्या खोऱ्याकडे पाहिलें. त्या खोऱ्यांत ७८८ तलाव होते, आणि त्यांपैकीं २२१ फुटले होते. पाऊस तर होताच. पण एका तलावाचें पाणी दुसऱ्याचा बांध फोडीत खालीं आलें होतें. प्रत्येक तलाव कोणाच्या तरी देखरेखीखालीं असणार, आणि प्रत्येक बांध फुटल्याचें कोणाला तरी दिसलें असणार. परंतु त्या सगळ्या दिसण्याची एक बेरीज करून ती शहराला सांगणारें कोणी नव्हतें. विश्वेश्वरय्यांच्या शिफारशींतून उस्मानसागर (१९२०) आणि हिमायतसागर (१९२७) हे दोन जलाशय उभे राहिले. १९१२ सालीं शहरसुधारणेचें मंडळ स्थापन झालें, आणि त्याच सुमारास लेनर्ड मन यांच्या हाताखालीं हैदराबादची इमारतवार मोजणी होऊन शहराचे तपशीलवार नकाशे तयार झाले. आपल्याकडे नकाशा आपत्तीच्या आधीं फारसा आढळत नाहीं. तो बहुधा तिच्या वर्षश्राद्धाला तयार होतो.

याच विश्वेश्वरय्यांचें नांव पुण्याच्या इतिहासांतहि येतें. खडकवासल्याच्या तलावावर त्यांनीं योजिलेले स्वयंचलित दरवाजे १९०३ सालीं बसविण्यांत आले होते. पाणी ठराविक पातळीवर चढलें कीं ते आपोआप उघडत आणि उतरलें कीं मिटत; त्यांस कोणाच्या निरोपाची वाट पाहावी लागत नसे. परंतु १९६१ च्या १२ जुलैला वरचें पानशेतचें धरण फुटलें आणि तो लोंढा खडकवासल्यावर येऊन तेंहि फुटलें, तेव्हां दरवाजांचा प्रश्न उरलाच नाहीं. शंभरीस टेकलेले विश्वेश्वरय्या त्या वेळीं हयात होते. पानशेतचें काम पूर्णत्वास गेलेलें नव्हतें. धोका आदल्या दिवशींच दिसूं लागला होता, आणि लष्कराचे जवान रात्रभर वाळूचीं पोतीं रचीत होते. म्हणजे जाणणारे होते, आणि ते झटतहि होते. सकाळीं शहराचा बहुतेक भाग मात्र आपल्या नित्याच्या व्यवहारांत होता. पाणी येणार एवढें कानांवर आलेल्यालाहि तें आपल्या पेठेंत किती चढेल हें सांगणारा नकाशा कोणाजवळ नव्हता. नदीकाठच्या पेठांतून, डेक्कन जिमखान्यावरून त्या दिवशीं जें वाहून गेलें त्याची हळहळ पुणेकरांच्या घरांत अजून ऐकूं येते. पुढें चौकशी झाली, न्यायमूर्ति नाईक यांच्या आयोगाचा अहवालहि आला. चौकशीचा पहिला प्रश्न धरण कां फुटलें हा असतो, आणि तो रास्तच आहे. पण शहराला केव्हां आणि कसें कळलें, हा प्रश्नहि त्याच तोलाचा आहे.

अशा अनुभवांतून राज्याच्या पाटबंधारे खात्यानें १९८९ सालीं पूररेषांचे नियम ठरविले. पंचवीस वर्षांतून एकदां येण्याचा संभव असलेल्या पुराची रेषा ती निळी, आणि शंभर वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची ती लाल. निळीच्या आंत बांधकाम नसावें, आणि दोहोंच्या मध्यें तें निर्बंधांनीं व्हावें, असा त्यांचा आशय. १९९३ च्या ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला, आणि त्यानंतर महाराष्ट्रांत प्रत्येक जिल्ह्यासाठीं आपत्ति-व्यवस्थापनाचा आराखडा करून मंत्रालयांतील नियंत्रणकक्ष जिल्ह्यांशीं जोडण्याच्या कामास चालना मिळाली. नागपुरास १९८८ पासून सुदूर संवेदनाचें राज्य केंद्र काम करीत होतेंच. उपग्रहानें टिपलेली भूमि आणि तलाठ्याच्या दप्तरांतील भूमि एकाच कागदावर आणणें आतां शक्य झालें.

पण शक्य होणें आणि घडणें यांत अंतर असतें. मुंबईच्या पर्जन्यजलवाहिन्यांचा सांगोपांग अभ्यास १९९३ सालीं पुरा झालेला होता. शहरांत पाणी कोठें तुंबतें आणि कां, हें कागदावर लिहिलेलें होतें. त्यानंतर बारा वर्षांनीं, २००५ च्या २६ जुलैला, सांताक्रुझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्याच अवधींत कुलाब्यास केवळ ७३ मिलिमीटर. एकाच शहरांत दोन निराळे दिवस उजाडले होते. दक्षिणेकडील कचेऱ्यांत बसलेल्यांना खिडकींतून साधा पाऊस दिसत होता. आणि लाखों माणसें त्यांच्या देखत उत्तरेकडे घरीं जावयास निघालीं. मिठी नदीचें नांव अनेक मुंबईकरांना त्या दिवशीं प्रथम कळलें. माधवराव चितळे यांच्या समितीनें या प्रकाराची चिकित्सा केली. पुढें महापालिकेनें शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापकांचें जाळें पसरलें. आणि पाऊस, भरती, शहराचे चढउतार व नाल्यांची क्षमता हीं सारीं एकत्र मांडून कोणत्या विभागांत किती पाणी चढेल तें आधीं सांगणारी ‘आयफ्लोज’ ही यंत्रणा २०२० च्या जूनमध्यें सुरू झाली. तिचें वैशिष्ट्य तिच्या गणितांत आहे तितकेंच तिच्या बैठकींत आहे. हवामानखातें, समुद्राचे अभ्यासक आणि महापालिका यांनीं आपापल्या वह्या एका टेबलावर उघडून ठेवल्या, ही गोष्ट आपल्या कचेऱ्यांच्या इतिहासांत लहान नव्हे.

आतां नांदेडकडे वळूं. २००६ च्या ऑगस्टांत गोदावरीच्या पुरानें शहराचे सखल भाग बुडाले. २०२४ च्या सप्टेंबरच्या आरंभीं हिंगोली, परभणी आणि नांदेड या तिन्ही जिल्ह्यांवर पाऊस एकाच वेळीं कोसळला. आज माहितीचा दुष्काळ नाहीं. धरणांतून सोडलेल्या विसर्गाचे आंकडे घटकेघटकेला प्रसिद्ध होतात, केंद्रीय जल आयोग नांदेडच्या पातळीचें भाकीत करतो, राष्ट्रीय प्राधिकरणाच्या ‘सचेत’ व्यवस्थेचे इशारे खिशांतील फोनवर येतात. राज्याराज्यांतील अबोला सुटूं शकतो याचेंहि एक उदाहरण याच नदीवर आहे. बाभळीच्या बंधाऱ्याचा तंटा सर्वोच्च न्यायालयांत गेला; २०१३ च्या फेब्रुवारींतील निकालाप्रमाणें त्याचे दरवाजे १ जुलैपासून २८ ऑक्टोबरपर्यंत उघडे ठेवावयाचे असतात, आणि त्यावर दोन्ही राज्यांची व केंद्राची एकत्र देखरेख असते. तंटा मिटविण्यासाठीं जें जमलें तें जीव वांचविण्यासाठीं कां जमूं नये?

तथापि गोहन्याच्या खांबांचें काम अद्यापि कोणी केलेलें दिसत नाहीं. सिद्धेश्वरमधून इतके हजार क्युसेक पाणी सोडलें, हा निरोप नावघाटाजवळ राहणाऱ्या विणकराला किंवा खडकपुऱ्यांतील विधवेला काय सांगतो? क्युसेक हें एकक अभियंत्याच्या वहींतील आहे. तिच्या घराचें एकक पायरी हें आहे. जुन्या पुलाजवळ ३५४ मीटर ही धोक्याची पातळी मानतात. पण समुद्रसपाटीपासून मोजलेला तो आंकडा आपल्या उंबरठ्याच्या वर आहे कीं खालीं, हें तिनें कसें ताडावें? वस्तुतः हें भाषांतर करण्यास लागणारें सर्व साहित्य हजर आहे. वरच्या धरणांचा विसर्ग पाटबंधारे खात्याजवळ आहे, रस्त्यांचे चढउतार नांदेड-वाघाळा महानगरपालिकेजवळ आहेत, कोणत्या गल्लींत अंथरुणाला खिळलेलीं माणसें किती हें आरोग्यसेविकेला ठाऊक आहे, आणि मागील पुरांत पाणी कोठवर आलें होतें तें त्या गल्लींतील म्हाताऱ्यांना तोंडपाठ आहे. या चार ज्ञानांचा एक नकाशा झाला, आणि त्याच्या खुणा गोवर्धनघाटाच्या पायऱ्यांवर, शाळांच्या भिंतींवर, विजेच्या खांबांवर रंगानें उमटल्या, तर दवंडी पिटणाऱ्या कोतवालापासून फोनवरील संदेशापर्यंत कोणताहि निरोप एका वाक्याचा होईल: अमक्या रंगापर्यंत पाणी येणार, अमक्या वाटेनें निघा.

यांत एक अडचण आहे, आणि ती यंत्राची नव्हे. नदीकाठच्या निळ्या रेषेच्या आंत जे राहतात ते हौसेनें राहत नाहींत. शहरानें आपल्या दुसऱ्या कोणत्याहि भागांत त्यांना परवडणारी जागा ठेवली नाहीं म्हणून राहतात. त्यांच्या दृष्टीनें नकाशा घेऊन येणारा सरकारी माणूस म्हणजे घर पाडावयास आलेला माणूस. एकच रेषा एका हातीं इशारा असते आणि दुसऱ्या हातीं नोटीस. ज्या वस्तीला आपलें घर नकाशावर दाखविण्याची भीति वाटते, ती वस्ती नकाशांत खरी उतरत नाहीं; आणि जी नकाशांत उतरत नाहीं, तिच्यापर्यंत पुराच्या रात्रीं नाव पोहोंचत नाहीं. म्हणून माहिती वांटून घेणें याचा अर्थ कचेऱ्यांनीं आपापसांत वांटणें एवढाच केल्यास तो अपुरा होईल. ज्याच्याविषयींची माहिती आहे त्याच्याशीं ती प्रथम वांटली पाहिजे, आणि पूर ओळखण्यासाठीं घेतलेली माहिती घर हिरावण्यासाठीं वापरली जाणार नाहीं, असें वचन त्याला दिलें पाहिजे. असें वचन पाळणाऱ्या सरकारावरच लोक मध्यरात्रीं विश्वास टाकून घर सोडतात.

गोहन्याच्या दरींतील लोकांनीं एका परक्या सरकारच्या खांबांवर विश्वास ठेविला, कारण ते खांब त्यांच्या शेताची मोजणी करण्यास आलेले नव्हते. जीव कोठवर न्यावा एवढेंच ते सांगत होते. आज आपल्याजवळ उपग्रह आहेत, गणितें आहेत, तारेहून शीघ्र संदेशवहन आहे, आणि सरकारहि आपलें आहे. पूर्णेच्या खोऱ्यांत पाऊस पडायचा तो पडेल, आणि येलदरी भरल्यावर सिद्धेश्वरचे दरवाजे उघडावेच लागतील. त्या दरवाजांचा आवाज नांदेडच्या शेवटच्या गल्लींत पाण्याच्या आधीं पोहोंचतो कीं पाण्याबरोबर, एवढेंच काय तें आपल्या हातीं आहे.